चाळीस कपांची किटली

मी एक जुनी किटली आहे. फुलदाणी नव्हे. मित्रांनो, हे मी पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यात एक दिवस असा आला की चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांना या दोहोंतला फरक कळेनासा झाला. तो दिवस पुढे येईलच. आधी माझे कूळ सांगते.

माझा जन्म १९३७ सालचा. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एका पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकून आकार दिला, पांढऱ्या इनॅमलचा लेप चढवला आणि भट्टीत घातले. एकदा नव्हे, तीनदा. मग काठाला निळी रेघ ओढली. माझ्यात एका वेळी चाळीस कप चहा मावतो. मला मागवले होते सारेप्ता चॅपेलच्या, म्हणजे आमच्या गावच्या प्रार्थनाघराच्या, बायकांनी. दुधाच्या गाडीतून, कॅनांच्या गर्दीत बसून मी आमच्या दरीत आले. थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरणाऱ्या माणसाकडून त्यांनी माझ्या पोटावर चॅपेलचे नाव रंगवून घेतले. त्याला दुसऱ्या वळणाची अक्षरे येतच नव्हती. त्यामुळे माझ्याकडे पाहिले की माणसे अजूनही उगाच आवाज खाली आणतात.

माझे झाकण माझे नाही. मूळचे झाकण १९६१ साली रविवारच्या शाळेच्या सहलीत समुद्रकाठी हरवले. मुलांनी ते वाळूचे किल्ले करायला घेतले होते. आता आहे ते एका पातेल्याचे. ओतताना ते बोटाने दाबून धरावे लागते. नवे झाकण आणायचे, असे चॅपेलच्या बैठकीत दर दोन-तीन वर्षांनी ठरते. सगळे हात वर करतात. मग सगळे चहा पितात, माझ्यातूनच, आणि घरी जातात.

पण कामाला मी कधी कमी पडले नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी आमच्याकडे आभाराचा दिवस असतो. तोवर शेते कापून झालेली असतात, गवत कोठारात गेलेले असते. त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही. सकाळी प्रार्थना, दुपारी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, आणि मधल्या वेळात मी. शिवाय ईस्टर, नाताळ आणि माती. आमच्याकडे कुणाला माती दिली की सगळे गाव चॅपेलमागच्या खोलीत येते. लांब टेबले, पांढऱ्या चादरी, हॅमची सँडविचेस, लोणच्यातले बीट, आणि बारा ब्रिथ, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव. कबरस्तानातून गारठून आलेल्या माणसांची बोटे कपाभोवती वळली की मग कुठे त्यांना धड रडू येते. हसूही तिथेच येते. गेलेल्याच्या खोड्या निघतात, नकला होतात. तो चहा झाल्याशिवाय माणूस गेला असे आमच्याकडे कुणी धरत नाही.

मला उचलण्याचा मान एकाच घराकडे आहे. आईकडून मुलीकडे, तिच्याकडून तिच्या मुलीकडे. बाकीच्यांनी सँडविचेस करावीत.

आता इथली एक रीत सांगते. या रीतीने मला ऐंशी वर्षे वात आणला आहे. सारेप्तात चहा वाढणारीला कुणी आभार म्हणत नाही. फार पूर्वीच्या एका पाळकांनी सांगून ठेवले की आभार वर जायला हवेत. वाढणारीला ते इथेच मिळाले, तर तिचे स्वर्गातले बक्षीस तेवढ्याने कमी होते. झाले. तेव्हापासून पुरे असेल तर कपावर तळहात आडवा धरायचा आणि गप्प राहायचे. वाढणारीने सगळ्यांत शेवटी, उभ्यानेच, तळाशी उरेल तो चहा स्वतःच ओतून घ्यायचा. पावसापासून बटाट्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचे आभार मानायला ही माणसे अख्खा दिवस काम बंद ठेवतात, आणि जिचे मनगट दुखते तिच्यापुढे नुसता तळहात!

मला उचलणाऱ्या त्या घरातल्या मोर्विदने असे तळहात एक्केचाळीस वर्षे पाहिले. ती उंच नव्हती, पण मला घेऊन निघाली की टेबलांमधून बोट चालावी तशी चालायची. तिचा चहा फार कडक. ज्यांनी एकदा नको म्हटले त्यांच्याकडे ती मुद्दाम परत जायची. रीतीचे नको कोणते आणि खरे नको कोणते, हे तिला तोंडाकडे न पाहता कळायचे.

२०२०च्या मार्चमध्ये ईस्टरच्या चहासाठी मला घासायला म्हणून तिने घरी नेले. त्याच आठवड्यात महामारीमुळे सगळे बंद झाले. चॅपेलला कुलूप लागले आणि मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकले. तिची मुलगी नेस्त कार्डिफहून आईसोबत राहायला आली. नेस्त पन्नाशीला टेकलेली, एकटी, सरकारी कागदपत्रांची भाषांतरे करणारी. ती टेबलाच्या एका टोकाला काम करायची, दुसऱ्या टोकाला मोर्विद बीन्स निवडायची, आणि दिवसभर दोघी एकमेकींच्या चुका काढायच्या.

एप्रिलमध्ये मोर्विदला खोकला झाला. नखशिखांत झाकलेली दोन माणसे तिला न्यायला आली. दारातून मागे वळून ती म्हणाली, "नेस्त, किटली पालथी घाल. आत ओल राहिली तर गंज धरेल." दवाखान्यात नेस्तला आत सोडले नाही. नऊ दिवसांनी फोन आला. मी पालथीच होते.

मातीला दहा माणसे. बाकीचे गाव रस्त्याच्या कडेला, एकमेकांपासून लांब लांब, टोप्या काढून उभे राहिले. गाडी गेली. मग सगळे आपापल्या घरी गेले, कोरडेच. ज्या बाईने त्या दरीतल्या प्रत्येक मातीचा चहा वाढला, तिच्या मातीला चहा झाला नाही. यात कुणाचाही दोष नव्हता आणि चीड त्याचीच येत होती. दोष कुणाचा असता तर निदान त्याच्यावर उकळता आले असते.

त्याच सुमारास इथेल पेनलानने आभारांची साखळी सुरू केली. पेनलान हे त्याच्या शेताचे नाव. आमच्याकडे आडनावापेक्षा शेत चालते. इथेल हा सारेप्ताचा सचिव आणि सगळ्यांत ज्येष्ठ डीकन, म्हणजे चॅपेलचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. वय अठ्ठ्याहत्तर. त्याने ठरवले की दर गुरुवारी एका घराने दुसऱ्या घराला फोन करायचा, आपण ज्यांचे आभार मानतो अशा तीन गोष्टी सांगायच्या, मग त्या घराने पुढच्याला. चॅपेलमधली बाके ज्या क्रमाने, फोन त्याच क्रमाने. कल्पना वाईट नव्हती, हे मी कबूल करते. साखळीमुळे कळायचे की कुणाची औषधे संपली, कुणी दोन दिवस फोन उचलला नाही. दुकानाची गाडी चालवणारा गेथिन दारोदार पीठ आणि साखर ठेवून जायचा आणि लांबूनच हॉर्न वाजवायचा. माणसे चांगली आहेत. म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

नेस्तला फोन यायचा आंटी लिनेदचा. आंटी लिनेद शहाऐंशी वर्षांची विधवा. तिला ऐकू कमी येते, म्हणून ती ओरडते, आणि त्यामुळे मला खिडकीतूनही सगळे ऐकू यायचे.

"माझ्या तीन घे! एक, डावा गुडघा. दुखत नाहीये. दोन, शेजारचा कोंबडा मेला. तीन, हवा."

"कोंबडा मेला याचे आभार?"

"देवाचे गं, कोंबड्याचे नाहीत. पहाटेपासून बोंबलायचा मेला. आता तुझ्या सांग."

"माझ्याकडे या आठवड्यात एकही नाही, आंटी लिनेद."

"असं कसं? नळाला पाणी आहे ना?"

"आहे."

"मग ते घाल. दोन आणखी सापडतील. कपाटात बघ."

नेस्तने नियमाप्रमाणे पुढचा फोन लावला, इथेलला. नळाला पाणी, छपराला दगडी पाट्या, आणि हवा. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. उन्हाळा असा गेला. मग एकदा इथेलने विषय काढलाच. तो सगळ्या घरांच्या गोष्टी गोळा करून एका वहीत लिहून ठेवायचा.

"नेस्त, पोरी, गेल्या आठवड्यातही नळाचं पाणीच होतं."

"या आठवड्यातही आलं, अंकल इथेल."

"सलग अकरा वेळा झालंय. मी पानं उलटून बघितली. जरा आत शोध. मनात. तुझ्या आईला एका दमात दहा सुचल्या असत्या."

नेस्त म्हणाली, "हो, सुचल्या असत्या," आणि फोन ठेवला. मग टेबलाच्या त्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. बराच वेळ बसली. मला फोन लावता आला असता तर इथेलला मीच लावला असता.

ऑक्टोबर उजाडला. आभाराचा सोमवार काही झाले तरी होणार, असे इथेलने जाहीर केले. गेथिनचे शेत, चॅपेलला लागूनच. प्रत्येकाने आपल्या गाडीत बसायचे. गाताना काचा बंद. आपला थर्मास आपण आणायचा, आपला कप आपण आणायचा. त्याने पत्रक छापून घरोघर टाकले. कप हा शब्द ठळक अक्षरांत होता. मग त्याने नेस्तला फोन केला.

"आणि किटली आण. पुढे टेबलावर ठेवू. तुझ्या आईची आठवण. प्रतीक म्हणून."

"आणि चहा?"

"चहा नाही गं. नियमाचा कागद माझ्याकडे आहे. नुसती किटली."

"आणते. किल्लीही आणते."

"कसली किल्ली?"

"मागच्या खोलीची, आईकडे असायची ती. दोन्ही तुमच्या हवाली करते आणि कार्डिफला जाते. पुढच्या वर्षीपासून दुसरं घर बघा. मला जमायचं नाही, अंकल इथेल. मी सारेप्तात आता येणार नाही."

इथेल फोनमध्ये खाकरला. मग म्हणाला, "सोमवारी बोलू." आमच्या दरीत सोमवारी बोलू याचा अर्थ बोलायचे टाळू असा होतो.

म्हणजे मित्रांनो, त्या सोमवारी माझे आणि त्या घराचे नाते संपणार होते. मोर्विदचा चहा राहिला होता तो राहणारच होता, आणि तिची मुलगी रागाने, कोरड्या घशाने निघून जाणार होती. एवढे सगळे पणाला लागलेले, आणि मला विचारतो कोण?

दुपारी दोनला अकरा गाड्या शेतात रांगेत लागल्या. समोर गेथिनचा ट्रेलर, त्यावर टेबल. नेस्तने मला टेबलावर ठेवले, किल्लीचे पाकीट कोटाच्या खिशात चाचपले आणि ती गाडीत जाऊन बसली. इथेलने माझ्यावर जंतुनाशक फवारले. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग मागच्या बाजूने. मी सात महिने कुणाला भेटले नव्हते, तरी संशय माझाच. मग त्याने माझे झाकण काढले, आत थंड पाणी ओतले, आणि त्याच्या बागेतली डेलियाची लालभडक फुले देठासकट माझ्यात खोचली.

मी तीन वेळा भट्टीतून निघालेली. माझ्यातून युद्धाच्या काळात सैनिकांनी चहा प्यायला आहे. माझ्यात फुले!

प्रार्थना सुरू झाली. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीला वापरतात तो कर्णा इथेलने आणला होता. त्यातून तो बोलला की कुठलेही वचन कुत्र्याला हाक मारल्यासारखे ऐकू यायचे. मग गाणे. अकरा गाड्या, अकरांच्याही काचा बंद. सारेप्ताचे गाणे म्हणजे चार आवाज एकमेकांत विणलेले असतात. इथे प्रत्येक गाडीत एक धागा. एका गाडीत नवरा-बायको दुसऱ्या ओळीवर पोचले, तेव्हा शेजारची गाडी पहिलीच ओळ संपवत होती. गेथिन एकटाच होता आणि त्याच्या वाट्याला नुसता खर्ज. बाकीचे आवाज काढून घेतले की खर्ज कुरकुरल्यासारखा वाटतो. पण एकाही गाडीने गाणे मध्येच सोडले नाही. माना हलत होत्या, काचांवर वाफ धरत होती. मला वैतागही आला आणि त्याच वेळी त्यांच्याकडे बघवेना.

मग इथेलने वही उघडली आणि वर्षभराचे आभार वाचले. पीक, औषधे, गेथिनची गाडी, लिनेदचा गुडघा, नळाचे पाणी. नंतर वर्षात गेलेल्या तिघांची नावे. शेवटचे मोर्विदचे. आणि तो माझ्याकडे हात करून कर्ण्यातून म्हणाला, "ही किटली आज रिकामी आहे, पण आपली अंतःकरणं भरलेली आहेत!"

गाडीचे दार आपटल्याचा आवाज आला. नेस्त चिखल तुडवत आली. तिने मास्क वर ओढला, ट्रेलरवर चढली आणि डेलियाची फुले एका मुठीत उपसून इथेलच्या हातात दिली. पाण्यासकट.

"अगं, अगं, काय करतेस?"

"ही फुलदाणी नाही, अंकल इथेल."

"प्रतीक आहे ते, पोरी!"

"कशाचं? माझ्या आईने एक्केचाळीस वर्षं काय केलं? फुलं वाटली?"

कर्णा चालूच होता. सगळे शेत ऐकत होते. इथेलने तो बंद करायला बटण शोधले आणि त्याला ते सापडेना.

"तिची माती कोरडी राहिली," नेस्त म्हणाली. "ते तुमच्या वहीत आहे का कुठे?"

आणि तिने मला काखेत मारले, झाकण उचलले आणि निघाली. मला वाटले गाडीकडे. ती गेली चॅपेलमागच्या खोलीकडे. खिशातले पाकीट फाडून तिने किल्ली काढली आणि दार उघडले. सात महिन्यांचा कोंदट वास बाहेर आला. तिने बंब पेटवला. मला तीनदा विसळले. आतला तपकिरी थर मात्र तिने घासला नाही. चव त्यातच असते, एवढे तिला ठाऊक होते. चहाचा डबा होता. साखरेचा दगड झाला होता.

इथेल दारापासून मोजून सहा फुटांवर नियमाचा कागद धरून उभा राहिला. "यात लिहिलंय, नेस्त. सामाईक काही नको."

"कप सामाईक नको. मी कुणाच्या कपाला हात लावणार नाही. दूध ज्याचं त्याचं. हात धुतलेत, मास्क आहे, उघड्यावर आहोत. वाचा परत."

इथेलने परत वाचले. वाचताना त्याचे ओठ हलत होते. "उकळायला किती वेळ लागेल?" त्याने शेवटी विचारले.

"वीस मिनिटं."

"मग मी एक गाणं घेतो," असे म्हणून तो गेला. त्याने चार घेतली.

मला दोन कान आहेत, हे सांगायचे राहिले. एक मागे, सगळ्या किटल्यांना असतो तसा, आणि एक पुढे, तोटीच्या वर. चाळीस कपांचा भार एका कानाने पेलत नाही. मागच्या हाताने तोलायचे, पुढच्या हाताने आवरायचे आणि त्याच हाताच्या एका बोटाने झाकण दाबायचे. नेस्तने आईला हे हजारदा करताना पाहिले होते. स्वतः कधी केले नव्हते. पहिला चहा तिने आंटी लिनेदच्या गाडीच्या दारावर ओतला.

"कपात, बाळा, कपात!" लिनेद खिडकीतून हात लांब काढून ओरडली. मग एक घोट घेतला. "केवढा कडक केलास."

"आईसारखा."

"हो. तिचाही असाच घशाला ओरखडे काढायचा." लिनेदचा तळहात सवयीने कपावर आला. मग तिने तो उचलला. "माझा नवरा ह्यू गेला, त्याच्या मातीला मी दोनदा नको म्हटलं. तुझी आई तिसऱ्यांदा आली. तो चहा पोटात गेला म्हणून मी त्या दिवशी घरी चालत गेले. तिला एका शब्दाने बोलले नाही. रीत ना आपली!" तिने ट्रेलरकडे, इथेलच्या दिशेने पाहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडली, "आभारी आहे, मोर्विद!"

नेस्तचे बोट झाकणावरून सुटले. माझे झाकण वाजले.

"फार उशीर केलात, आंटी लिनेद."

"ठाऊक आहे गं. ओत अजून अर्धा."

सगळ्याच गाड्यांत असे झाले नाही. एका जोडप्याने घाबरून काच उघडलीच नाही. त्यांनी कप आधीच बाहेर बॉनेटवर ठेवले होते, ते खुणेने दाखवले, आणि नेस्तने त्यांत ओतले. एकाने साखर मागितली. दोघांनी नुसता तळहात धरला, पण डोळे पुसत. सातवी गाडी गेथिनची.

"तुझ्या आईने एकदा माझ्या मांडीवर चहा सांडला होता. भर नाताळात. उकळता."

"मग माफी मागितली तिने?"

"छे! म्हणाली, गेथिन, पाय आवर. वाटेत पसरतोस."

नेस्त हसली. मास्कच्या आत हसली, पण खांदे दिसत होते. शेजारच्या गाडीने विचारले, काय झालं, काय म्हणाला? गेथिनने पुन्हा सांगितले, मोठ्याने, मोर्विदच्या आवाजात. तिसऱ्या गाडीतून कुणी म्हणाले की आपल्यालाही ती असेच बोलली होती, आणि त्याने त्याची गोष्ट सुरू केली. आता काचा उघड्या होत्या. गोष्टी एका गाडीतून दुसरीत जाऊ लागल्या, खोड्या निघाल्या, नकला झाल्या. तेव्हा मला कळले की आभाराचा चहा केव्हाच संपला. सहा महिने उशिरा, चिखलात, मोर्विदचा मातीचा चहा चालला होता.

शेवटी ट्रेलरपाशी इथेल उरला.

"कप?" नेस्तने विचारले.

इथेलने दोन्ही खिसे चाचपले. "विसरलो."

"पत्रकात ठळक अक्षरांत होतं."

"मीच छापलं होतं ते," इथेल खाली मान घालून म्हणाला.

नेस्तने मला शेताच्या दगडी भिंतीवर टेकवले. माझ्यात कपभर चहा उरला होता. तिने आपल्या थर्मासचे टोपण काढून भिंतीवर ठेवले, स्वतःच ओतून, उभ्याने प्यायला. तिच्या आईने तेच केले असते. इतक्यात इथेल म्हणाला, "थांब. जरा मागे हो."

"का?"

"हो म्हणतो ना मागे. सहा फूट."

ती मागे झाली. इथेलने खिशातून हातमोजे काढले. गाय अडली की घालतात ते, खांद्यापर्यंत येणारे. तेवढेच त्याच्याकडे होते. ते चढवून तो माझ्याजवळ आला. त्र्याऐंशी वर्षांत मला पहिल्यांदा एका पुरुषाने ओतायला उचलले, आणि तेही एकाच कानाने. मी कलंडले. झाकण सुटून घरंगळत गेले. चहा आधी भिंतीवर गेला, मग त्याच्या काखेतल्या वहीवर.

"पुढचा कान धरा!" नेस्त सहा फुटांवरून ओरडली. "पुढचा! तो काय शोभेला आहे? आणि हळू. आता तोला. तोला म्हणते ना!"

टोपण अर्धे भरले. इथेलने मला खाली ठेवले आणि तो मागे सरला. नेस्तने येऊन ते उचलले आणि प्यायली. चहा गार झाला होता आणि तळाचा म्हणून काळाकुट्ट.

"आम्हाला दिसत होतं, नेस्त," इथेल म्हणाला. मोज्यांतून चहा ठिबकत होता. "तुझ्या आईचं सगळं दिसत होतं. म्हणायची रीत नव्हती, एवढंच."

"मग रीत मोडायची कुणी?"

इथेल विचार करून म्हणाला, "सचिवाने."

नेस्तने टोपण झटकले. इथेलने तो लांबलचक मोजा पुढे केला, तळवा वर करून. "दे. किल्ली देणार होतीस ना?"

तिने भिंतीकडे पाहिले. वहीकडे पाहिले, त्याच्या भिजलेल्या बुटांकडे पाहिले.

"तुमच्याकडे देऊ? अर्धा कप ओतायला तुम्हाला अख्खी भिंत लागली," ती म्हणाली, आणि किल्ली तिच्या कोटाच्या खिशातच राहिली. झाकण तिने चिखलातून शोधून आणले. मला पुढच्या आसनावर ठेवून पट्टा बांधला. तिचा राग गेला नव्हता. दार तिने पुन्हा आपटलेच.

त्याच शुक्रवारी सगळे पुन्हा बंद झाले. हिवाळा मी पुन्हा खिडकीत काढला. पण आता आभाराच्या सोमवारी आणि प्रत्येक मातीला नेस्त कार्डिफहून येते. तिचा हात अजून पुरता बसलेला नाही. ती सांडते, आणि सांडले की समोरच्यालाच दटावते. सारेप्तात काही जण आता वाढणारीला आभार म्हणतात, काही जण अजून तळहात धरतात. या विषयावर बैठकीत ठराव व्हायचा आहे. म्हणजे तो कधी होईल हे मी सांगू शकत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कुठे ना कुठे चहा प्याल. लग्नात प्याल, बारशाला प्याल, कुणाला पोचवून आल्यावर प्याल. देवाचे आभार मानायचे ते जरूर माना, त्याला माझी हरकत नाही. पण कप खाली ठेवण्याआधी एकदा मान वर करा आणि किटली घेऊन उभी कोण आहे ते पाहा. तिने घेतला का ते विचारा. ती म्हणेल, मी घेईन मागाहून. मुळीच ऐकू नका. तिच्या हातातली किटली काढून घ्या, तिला बसवा, आणि ती जिवंत आहे तोवर तिचा कप भरा.